पायांतील बळ अकस्मात ओसरते तेव्हा
(सिरसाळा येथील वार्षिक मेळाव्यात एका वैद्यकव्यावसायिक ज्ञातिबांधवाने केलेले भाषण)



इ. स. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात ‘गुलेन-बॅरे सिंड्रोम’ या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. आपली कितीतरी मुले शिक्षण व नोकरीनिमित्त पुण्यास असतात. म्हणून घरोघरी चिंता पसरली. विकार मात्र नवा नव्हे. गुलेन, बॅरे व स्ट्रोल या फ्रेंच वैद्यांनी १९१६ सालीच त्याचे वर्णन केले होते.

जुलाब अथवा सर्दी-खोकला होऊन गेल्यावर काही दिवसांनी पायांस मुंग्या येतात. जिना चढवत नाही. अशक्तपणा दोन्ही पायांतून हातांकडे चढत जातो. क्वचित चेहरा, गिळणे आणि श्वासही त्याच्या कचाट्यात सापडतो. अर्धांगवायू बहुधा क्षणात एका अंगावर येतो. हा विकार दोन्ही अंगांवर दिवसागणिक वाढतो. हा भेद ध्यानी ठेवावा.

कारण असे की, जंतूंशी लढणारी शरीराची संरक्षकशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. दूषित पाणी व अर्धेकच्चे चिकन यांतून पोटात जाणारा ‘कॅम्पिलोबॅक्टर’ जंतू हे त्याचे एक प्रमुख निमित्त होय. मात्र हा विकार एकाचा दुसऱ्यास लागत नाही; तेव्हा रुग्णास वाळीत टाकल्यासारखे वागवू नये.

माझ्या पाहण्यातील एका कुटुंबाने तेल चोळण्यात आणि अंगारे-धुपारे करण्यात चार दिवस घालविले. मुलास रुग्णालयात नेले तेव्हा त्याला श्वास घेणेही जड झाले होते. तो वाचला, परंतु पुन्हा चालू लागण्यास त्याला कित्येक महिने लागले. शिरेतून द्यावयाचे इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलणे हे दोन उपचार पहिल्या दोन आठवड्यांत मिळाल्यास अधिक गुणकारी ठरतात. पुढे व्यायामोपचार लागतो. बहुतेक रुग्ण बरे होतात.

तेव्हा पाणी उकळून प्यावे, आणि अशी लक्षणे दिसताच विनाविलंब अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. औषध महाग आहे. म्हणून शासकीय योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करावी. खर्चाच्या भीतीने कोणी घरी थांबू नये, याकरिता आपल्या मंडळाने एक छोटा वैद्यकीय साहाय्यनिधी उभारावा, अशी माझी नम्र सूचना आहे. आपण ती मनावर घ्यावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.