देवाची यात्रा आणि शेतकऱ्याचे प्रदर्शन



हैदराबाद म्हटले की ‘नुमाइश’चे नाव ओघानेच येते. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ साली बागेआममध्ये ती प्रथम भरविली. १९४६ पासून ती नामपल्लीच्या मैदानावर भरू लागली. तिच्या उत्पन्नातून शिक्षणसंस्था चालतात, हे तिचे मोठेच श्रेय होय. तथापि ते मुख्यतः उद्योगव्यापाराचे प्रदर्शन. शेतकऱ्याचे प्रदर्शन पाहावयाचे, तर जुन्या हैदराबाद संस्थानाच्या मराठी मुलुखात, नांदेड जिल्ह्यातील माळेगावी गेले पाहिजे.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस तेथे खंडोबाची यात्रा सुरू होते. पालखी निघते आणि घोडे, उंट, गाढवे व गुरे यांचा बाजारही भरतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड हैदराबादेपासून वेगळे झाले. यात्रेची तिथी मात्र ढळली नाही.

या मुलुखाचे गोधन दोन वंशांचे: तांबडी लालकंधारी आणि दूध व ओढकाम या दोहोंस उपयोगी अशी देवणी. देवणीतही अंगभर पांढरी ती बालंक्या, पांढऱ्या अंगाची व काळसर तोंडाची ती वानेरा, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची ती शेवरा. हे भेद शेतकऱ्याच्या नजरेने राखले. चांगला वळू सांभाळणे खर्चाचे काम आहे. यात्रेत चार गावचे जाणते त्याचे दात, खूर, वशिंड आणि चाल पाहतात. तेथे नाव झाले की वळूला मागणी येते व धन्याच्या श्रमाचे चीज होते. तरुण मुलगा बापाच्या शेजारी उभा राहून ही पारख शिकतो. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाची गरज घटली आहे. उद्या पारखी माणूसही उरला नाही, तर वंश राखणार कोण?

हा प्रश्न आपल्या दारचाही आहे. गोव्याच्या श्वेतकपिला गाईची देशी वंश म्हणून राष्ट्रीय नोंद झाली आहे. परंतु नोंद दप्तरात राहते, वंश गोठ्यात वाढतो. आपल्या जत्रांच्या फेरीत खाजे मिळते, भांडी मिळतात, खेळणी मिळतात. तेथेच एक दिवस गाईवासरांना, खाजनातील कोरगुटाच्या बियाण्याला आणि कुळागरातील फळांना जागा द्यावी. उत्तम पशुपालकास देवस्थानच्या वतीने श्रीफळ व मानाचे वस्त्र अर्पण करावे. जागा, तिथी आणि लोकसमुदाय देवस्थानापाशी आहेतच. महाजनांनी फक्त ठराव करावयाचा आहे. ज्या कुळांच्या कष्टांवर देवाचा नैवेद्य शिजत आला, त्यांचा हा मान आहे.