आर. आर. पाटील : श्रमातून घडलेले नेतृत्व
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



अशा मंगल प्रसंगी एका राजकीय पुरुषावर का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. परंतु लोकांच्या विश्वासावर ज्यांचे कार्य चालते, त्या सर्वांनी अभ्यासावे असे एक जीवन म्हणजे रावसाहेब रामराव पाटील, अर्थात आपले आर. आर. आबा.

सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील अंजनी या गावी १६ ऑगस्ट १९५७ रोजी त्यांचा जन्म झाला. परिस्थिती हलाखीची. शिक्षणासाठी त्यांनी रोजगार हमीच्या कामावर मजुरी केली आणि पुढे कायद्याची पदवी मिळविली. १९७९ मध्ये ते जिल्हा परिषदेवर निवडून आले. १९९० पासून सलग सहा वेळा विधानसभेवर. पश्चिम महाराष्ट्रात नेतृत्व बहुधा साखर कारखान्याच्या आधाराने उभे राहते. आबांचा आधार होता ओघवती वाणी आणि विधानसभेतील अभ्यासू काम.

१९९९ मध्ये ते ग्रामविकासमंत्री झाले. पुढल्याच वर्षी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. मंत्र्याने निधी द्यावा आणि गावाने घ्यावा, हा परिपाठ. आबांनी गावाकडे श्रम मागितले. आधी काम, मग तपासणी, त्यानंतर बक्षीस! गावकऱ्यांनी हाती खराटे घेतले, गटारे उपसली, शौचालये बांधली. ज्याने स्वतः घाम गाळला होता, त्यालाच गावाच्या घामावर एवढा भरवसा ठेवता आला. २००७ मधील तंटामुक्त गाव मोहिमेमागेही हाच भरवसा होता.

मात्र गौरव करताना सत्य झाकू नये. गृहमंत्री असताना २००५ मध्ये त्यांनी डान्सबारबंदी आणली. अनेक कुटुंबांनी त्यांना दुवा दिला. परंतु तेथे काम करणाऱ्या स्त्रियांची रोजी गेली. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर, मोठ्या शहरांत असे छोटे प्रकार घडतात, अशा आशयाचे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले. ज्या वाणीने त्यांना मोठे केले, तिनेच घात केला. त्यांना उपमुख्यमंत्रिपद सोडावे लागले.

यानंतर ते खचून बसले नाहीत. २००९ मध्ये पुन्हा गृहमंत्री झाल्यावर त्यांनी नक्षलग्रस्त गडचिरोलीचे पालकमंत्रिपद स्वतःहून मागून घेतले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार अंजनीतच झाले.

मित्रहो, पद लोकांचे असते, आपले असतात ते केवळ श्रम आणि शब्द. श्रमाने आबांना उभे केले, एका शब्दाने पाडले आणि पुन्हा श्रमानेच सावरले. पन्नास वर्षे लोकांचे दान सांभाळणाऱ्या आपल्या संस्थेने हे ध्यानी ठेवावे, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवतो.