टपावरची सायकल, डिकीतली सायकल

सायकल माणसाला वाहून नेते हे आपण लहानपणापासून पाहत आलो. माणसाने सायकल वाहून न्यायची, आणि तीसुद्धा मोटारीतून, ही गोष्ट माझ्या पिढीला जरा उलटीच वाटेल. पण पुणं हे एके काळचं सायकलींचं शहर. तिथे आज सातारा रस्त्यावर पन्नाशीच्या बाईने सायकल चालवायची म्हटलं तर घरचे काळजीत पडतात. मग सायकल गाडीत घालायची, शहराबाहेर न्यायची आणि जिथे रस्ता मोकळा मिळेल तिथे उतरवून चालवायची, एवढंच हातात उरतं.

आमच्या घरात ही हौस माझ्या बायकोची. ती मिरजेची. शाळेत असताना रोज सायकलने जायची. निकाह झाला, पुण्याला आली, आणि सायकल जी सुटली ती तीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी तिने पुन्हा सायकल घेतली. दांडी नसलेली, पुढे टोपली, मागे कॅरिअर. मीही एक हलकी घेतली. राहिली गाडी. मोटार चालवता येते ती तिला. मला येत नाही. त्यामुळे कामाची वाटणी सोपी होती. गाडी ती निवडणार, आणि माहितीपुस्तिका मी वाचणार. कवी माणसाला यापेक्षा जास्त जबाबदारी कोणी देत नाही.

पहिलं काम आम्ही केलं ते सायकली तोलण्याचं. कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर तिची सायकल साडेअठरा किलो भरली, माझी तेरा. मग टेप लावला. टायरच्या टोकापासून टोकापर्यंत सायकल साधारण पावणेदोन मीटर लांब असते. हा आकडा लक्षात ठेवा, कारण गाडीच्या दुकानात तो कोणी विचारत नाही. वॅगन आरची रुंदी आहे १६२ सेंटिमीटर, स्विफ्टची १७३ पूर्णांक ५. डिकीमागे आडवी टांगलेली सायकल छोट्या गाडीच्या दोन्ही अंगांनी बाहेर डोकावते ती यामुळे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लादलेली वस्तू गाडीच्या अंगाबाहेर आली तर २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दंडाचं सोडा. शेजारून मोटारसायकलवर जाणाऱ्या माणसाच्या गुडघ्याशी ते चाक येतं, मला भीती त्याची वाटते. पुढचं चाक काढून ठेवलं की सायकल तीसेक सेंटिमीटरने आखूड होते आणि हा प्रश्न बहुतेक मिटतो.

रॅक विकणारे दोन प्रकार दाखवतात. एक टपावरचा, दुसरा डिकीवर पट्ट्यांनी बांधायचा. परदेशात गाडीच्या मागे ओढणीचा आकडा असतो, त्यावर बसणारा तिसरा प्रकार तिकडे फार चालतो, त्यावर जादा नंबरप्लेट आणि दिवे लावायचीही सोय असते. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांना तो आकडा नसतो, म्हणून तो सोडून देऊ. या धंद्यात मोठं नाव आहे थुले या स्वीडिश कंपनीचं. १९४२ साली, आपण इकडे ‘चले जाव’ म्हणत होतो तेव्हा, ही मंडळी कोळ्यांसाठी मासे पकडायचे सापळे बनवत होती. मासा न सुटू देणारी माणसं पुढे सायकल न सुटू देण्याच्या उद्योगात आली, हे मला आवडलं.

टपावरचा रॅक दिसायला रुबाबदार. सायकल उभी राहते, दिवे झाकले जात नाहीत, डिकी उघडता येते. पण त्यासाठी टपावर दोन आडव्या दांड्या लागतात आणि त्या धरायला भक्कम आधार लागतो. काही गाड्यांच्या टपावर ज्या चकचकीत पट्ट्या असतात त्या नुसत्या शोभेच्या असतात, भार घेत नाहीत. कुठली खरी आणि कुठली शोभेची हे पुस्तिकेत बघावं, विक्रेत्याला विचारू नये. टपावर किती किलो चालतील तेही तिथेच लिहिलेलं असतं, आणि त्यात दांड्यांचं आणि रॅकचं वजनही धरायचं असतं. शिवाय उंची. वॅगन आर पावणेसतरा डेसिमीटर, म्हणजे १६७ पूर्णांक ५ सेंटिमीटर; वर दांडी, वर सायकल. सगळं मिळून पावणेतीन मीटरच्या घरात जातं. दिवसभर सायकल चालवून दमलेला माणूस संध्याकाळी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाडी घालतो तेव्हा टपावर काय आहे हे त्याला आठवेलच असं नाही. वाऱ्याचा अडथळा होऊन पेट्रोल जास्त जातं ते वेगळंच.

दुकानदाराने आम्हाला हाच रॅक घ्यायला लावला होता जवळजवळ. तेव्हा बायकोने तिची सायकल दोन्ही हातांनी धरली, छातीपर्यंत उचलली आणि खाली ठेवली. घरी आम्ही दखनी बोलतो. ती म्हणाली, “मैं अकेली चढा सकी तो लेंगे, नै तो नक्को.” मी एकटी चढवू शकले तरच घेऊ.

एवढ्या पुस्तिका वाचून मला जे सुचलं नव्हतं ते हे. मी घरात नसलो, माझी कंबर धरली, तर साडेअठरा किलोची सायकल डोक्याच्या वर कोण नेणार? गाडी तिची, सायकल तिची, आणि निघायला मात्र माझी वाट पाहायची? तीस वर्षांनी हातात आलेली सायकल मग पुन्हा जिन्याखालीच राहिली असती. जोडप्यांनी, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांनी विशेष करून, ही परीक्षा दुकानातच घ्यावी. सर्वांत कमी ताकदीच्या माणसाला उचलून दाखवू द्या. ई-सायकल असेल तर बॅटरी आधी काढायची, तरीही ती जडच राहते.

डिकीवरच्या रॅकला उंच उचलावं लागत नाही आणि तो स्वस्तही असतो. त्याच्या खोडी मात्र बारीक आहेत. डिकीच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकचा स्पॉयलर असेल तर हूक त्यावर अडकवू नये, तुटतो. मागची काच पुसणारा वायपर सायकलीखाली चेपतो. सायलेन्सरच्या तोंडासमोर टायर आलं तर गरम धुराने ते खराब होतं. दांडी नसलेल्या सायकलला रॅकवर टांगायला जागाच नसते. सीटखालचा नळा आणि हँडलचा नळा यांना जोडणारी एक सुटी आडवी दांडी वेगळी मिळते, ती घ्यावी लागते. आणि सायकली चढवून झाल्यावर दहा पावलं मागे जाऊन पाहावं: नंबर वाचता येतो का, ब्रेकचे लाल दिवे दिसतात का. नंबर पुठ्ठ्यावर लिहून टांगण्याचे दिवस गेले; आता सरकारमान्य हाय-सिक्युरिटी पाटीच दिसली पाहिजे.

माझ्या अब्बांचं मिरजेत सायकल दुकान होतं, तासावर सायकली भाड्याने द्यायचे. एस.टी.च्या टपावर सायकल चढवायची असली की ते काथ्याची दोरी घेऊन शिडीवर चढत, आणि बांधून झाल्यावर सायकल धरून अख्खी बस हलते का ते बघत. सायकल हलली तर पुन्हा सोडून बांधायची. नायलॉनच्या पट्ट्यांनाही हीच कसोटी लागू आहे. पट्टे नवे असताना थोडे सैल पडतात. म्हणून आम्ही कात्रजचा बोगदा ओलांडला की सुरक्षित जागा पाहून थांबतो, प्रत्येक बकल ओढतो, पट्ट्याची मोकळी टोकं गाठ मारून ठेवतो. सायकल सुटून रस्त्यावर पडली तर आपलं नुकसान सायकलीपुरतं. मागून दुचाकीवर येणाऱ्याचं तसं नसतं.

शेवटी आम्ही काय घेतलं? जुनी वॅगन आर. गाड्या बघायला जाताना सायकल टेम्पोत घालून बरोबर नेली होती. एक मालक हसला, दुसऱ्याने चहा दिला आणि स्वतः मागची सीट पाडून दिली. उंच टपामुळे ही गाडी आत ऐसपैस आहे. आम्ही दोघंच असतो तेव्हा मागची सीट पाडून, पुढची चाकं काढून, मध्ये जुनी गोधडी घालून दोन्ही सायकली आतच ठेवतो. रॅक लागतच नाही. पाऊस नाही, चोराची भीती कमी, दंड नाही. तिच्या सायकलचं चाक नटाचं होतं, ते बदलून पान्याशिवाय खटक्याने निघणारं बसवून घेतलं. मुलगी येते तेव्हाच डिकीवर रॅक चढतो, आणि परत आल्यावर लगेच उतरतो. तीन-चार माणसं नेहमी जाणार असतील त्यांनी अर्टिगासारखी तीन रांगांची गाडी पाहावी. मागची रांग पाडली की लांब फरशी मिळते.

आता आम्ही वाईला जातो. गावात गाडी लावायची, आणि कृष्णेच्या काठाने मेणवलीपर्यंत सायकली. अंतर थोडंच आहे, पण नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट सकाळी रिकामा असतो. गेल्या महिन्यात मला पडसं होतं. मी नाही येत म्हणालो. तिने खाली जाऊन सायकल आत घातली, डिकी लावली आणि निघून गेली. मी वरून खिडकीतून पाहत होतो. सात मिनिटं लागली तिला.