ही ओळ का लिहिली?



शिरूरला रेल्वे नाही, म्हणून शाळा संपल्यावर दौंडला मामाकडे राहून मी गाडीने पुण्याला इंजिनिअरिंगला जायचे. गाडीत मांडीवर ठेवून दुसऱ्याचं जर्नल उतरवून काढायचं, हा रोजचा उद्योग. तोंडी परीक्षेत सरांनी माझ्याच प्रोग्रॅमवर बोट ठेवलं, "ही ओळ का लिहिली?" मी गप्प. त्या रात्री तो प्रोग्रॅम पहिल्यांदा समजून घेतला.

२०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. परवा भाचीचा प्रोजेक्ट रिपोर्ट पाहिला. इंग्रजी माझ्याहून सरस! ऑफिसात मीही हीच साधनं वापरते, त्यामुळे रागावता येईना. मी तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "मावशी, असं कुणी विचारतच नाही गं."

विचारणार कधी? एकेका सरांकडे ६०-७० मुलं. एआयचा मजकूर पकडणारी सॉफ्टवेअर खात्रीची नाहीत. स्वतः लिहिणारी मुलंही त्यात अडकतात. आपल्यातल्या प्राध्यापकांना विनंती आहे : लेखी रिपोर्टचे गुण कमी करा, तोंडीचे वाढवा. विचारायला माणसं कमी पडली तर मला बोलवा. शनिवारी मी शिरूरलाच असते.