शेवटची भोरडी कोणी पाहिली?

माघ सरत आला की जालन्याच्या माळावरचा पळस पाने टाकतो आणि उघड्या फांद्यांवर केशरी फुले येतात. अंबडच्या वाटेवर, मंठ्याकडच्या ओढ्याकाठी किंवा भोकरदनच्या डोंगरपायथ्याला असा एखादा फुललेला पळस दिसला, की सकाळच्या उन्हात तिथे भोरड्यांचा कालवा ऐकू येणार, हे खुशाल धरून चालावे. याच सुमाराला युरोपातला पक्षीनिरीक्षक डोळ्यांत तेल घालून दक्षिणेकडून येणाऱ्या पहिल्या पक्ष्याची वाट पाहत असतो. पहिली कोकीळ कोणी ऐकली याची पत्रे लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये वर्षानुवर्षे छापून येत. १९१३च्या फेब्रुवारीत रिचर्ड लिडेकर या नामवंत प्राणिशास्त्रज्ञाने असेच पत्र धाडले आणि आठवड्याभरातच ते मागे घेतले. तो आवाज कोकिळेचा नव्हता, जवळच्या बांधकामावरच्या एका मजुराने काढलेला होता. पहिल्या पक्ष्याची ओढ इतकी जबर असते.

जालन्यात सगळे उलटे आहे. इथे वसंतात दिसणारा स्थलांतरित पक्षी येत नसतो, तो निघालेला असतो. येणाऱ्याची नोंद सोपी. काल नव्हता, आज दिसला, तारीख टिपली. जाणारा मात्र आपण शेवटचे आहोत असे सांगून जात नाही. समोरच्या विजेच्या तारेवर बसलेली माळभिंगरी ही त्या वर्षीची शेवटची होती, हे पुढचे आठ-दहा दिवस एकही दिसली नाही म्हणजेच कळते. त्यामुळे इथल्या पक्षीनिरीक्षकाला नशिबापेक्षा चिकाटीचीच गरज जास्त. रोज त्याच वाटेने जायचे आणि रोज लिहायचे.

भोरडीला पुस्तकात पळस मैना म्हणतात. पूर्व युरोपापासून कझाकस्तान-पश्चिम चीनपर्यंतच्या गवताळ मुलखात मे-जूनमध्ये ती वीण करते आणि जुलै-ऑगस्टमध्येच भारतात परतू लागते. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने तिचा मुक्काम आपल्याकडे. मग पाहुणी कोणाला म्हणायचे, हा प्रश्नच आहे.

पळसावरची भोरडी दुर्बिणीतून नीट न्याहाळावी. पळसाच्या फुलाची एक पाकळी राघूच्या चोचीसारखी वळलेली असते आणि मध तळाशी साठलेला असतो. भोरडी फांदीला घट्ट धरून वाकते, चोच फुलात खुपसते आणि डोके वर काढते तेव्हा तिच्या कपाळाला पिवळे पराग चिकटलेले असतात. तिथून ती पुढच्या फुलावर जाते. पळसाचे बी धरण्यात या पक्ष्यांचाही वाटा असतो. पांगारा आणि काटेसावर फुलली की तिथेही हाच खेळ.

तिच्या रंगाची गोष्ट याहून नवलाची आहे. हिवाळ्यात भोरडी मळकट दिसते, कारण पिसांच्या टोकांना तपकिरी कडा असतात. पुष्कळ पक्षी विणीआधी काही पिसे टाकून नवी धारण करतात. पिवळा धोबी त्यातला. मार्चमध्ये तळ्याकाठी त्याची छाती हळदीसारखी पिवळीजर्द होते. भोरडीला मात्र यासाठी नवी पिसे लागत नाहीत. जुन्याच पिसांच्या तपकिरी कडा झिजत जातात आणि खालचा गुलाबी व चकचकीत काळा रंग उघडा पडतो. जानेवारीत पाहिलेला थवा आणि मार्चअखेरचा थवा शेजारी-शेजारी ठेवता आले असते, तर हे दोन वेगळे पक्षी आहेत अशी कोणीही पैज मारली असती. नराच्या डोक्यावरचा तुराही आता उठून दिसतो. थव्यात गुलाबी पक्षी किती आणि मळकट किती, एवढे जरी दर आठवड्याला मोजले, तरी तयारी कुठवर आली ते समजते.

ही तयारी उन्हाच्या झळांनी होते असा सर्वसाधारण समज आहे. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातल्या विल्यम रोवन यांनी १९२०च्या दशकात वेगळेच दाखवून दिले. हाडे गोठवणाऱ्या थंडीत त्यांनी जुन्को नावाचे चिमणीएवढे पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि संध्याकाळी दिवे लावून त्यांचा दिवस थोडा थोडा लांबवला. बाहेर बर्फ असतानाही त्या पक्ष्यांची प्रजननेंद्रिये वसंतातल्यासारखी वाढली. पक्षी दिवसाची लांबी मोजतात, हे त्यातून पुढे आले. जालन्यात डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि मार्चच्या विषुवदिनापर्यंत तो बारा तासांवर जातो. आपल्याला हा तासाभराचा फरक फारसा जाणवत नाही. भोरडीच्या शरीराला तो पुरतो. ती जास्त खाऊ लागते, अंगावर चरबी चढते आणि थवे अस्वस्थ होतात.

पाण्याकडचा हिशोब वेगळा. जालना शहराला पाणी पुरवण्यासाठी निजामकाळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव, गोदाकाठ, परतूरकडे पसरलेले निम्न दुधनेचे फुगवट्याचे पाणी आणि अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतून जाणारा जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा ही इथल्या पाणपक्ष्यांची ठिकाणे. फेब्रुवारीपासून पाणी उतरू लागते आणि काठाला ओला चिखल उघडा पडतो. बदकांना याचा फायदा कमी. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक उरलेल्या पाण्यात दाटीने जमतात आणि एक दिवस निघून जातात. चिखलावर चोच मारणाऱ्या तुतारी आणि चिखल्यांना मात्र हीच शिदोरी. लांबच्या प्रवासाआधी चरबी साठवायची ती इथेच.

म्हणून तलावाच्या काठाचा उतार महत्त्वाचा ठरतो. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याने पाण्यासाठी जे सोसले ते कोणी विसरलेले नाही, आणि घाणेवाडीतला गाळ लोकांनी पुढाकार घेऊन काढला ही या शहराची मोठी कमाई आहे. त्या कामाला जोडूनच एक मागणी करावीशी वाटते. जिथे जिथे गाळ काढला जातो, तिथे एखाद्या बाजूचा काठ उभा न कापता सपाट, उथळ ठेवावा. खोलीत पाणी साठेल आणि उथळ कडेला पक्ष्यांचे पोट भरेल. यात कोणाचेच नुकसान नाही.

जायकवाडीचा नाथसागर १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथल्या मोठ्या पाहुण्यांपैकी एक म्हणजे पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंसाच्या कुळातला पक्षी. मार्चच्या सुमारास तो तिबेट-मंगोलियाकडे निघतो. वाटेत हिमालय. उपग्रहाला जोडलेली यंत्रे अंगावर बसवून शास्त्रज्ञांनी त्याचा माग काढला, तेव्हा ७,२९० मीटरची उंची नोंदली गेली. पण अधिक मोलाची गोष्ट दुसरीच निघाली. बहुतेक वेळ हे पक्षी साडेपाच हजार मीटरच्या खालीच राहतात, खिंडी आणि दऱ्यांतून जमिनीच्या चढ-उताराला धरून उडतात. उगाच उंच चढून ते शक्ती वाया घालवत नाहीत.

आता शेतकऱ्याचे म्हणणे ऐकायला हवे, कारण भोरडीशी त्याचे नाते काही प्रेमाचे नाही. शाळूचे कणीस दुधात आले की थवाच्या थवा वावरात उतरतो आणि बघता बघता कणसे रिकामी होतात. माचाणावर उभे राहून गोफण फिरवणारे, डबे बडवणारे लोक मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हे नुकसान खरे आहे आणि ते नाकारून पक्षीप्रेम सांगणे चुकीचे ठरेल. मात्र हाच पक्षी विणीच्या मुलखात टोळांवर जगतो. चीनमधल्या शिंजियांगमध्ये १९८०च्या दशकापासून भोरड्यांनी यावे म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरट्यांची सोय करून दिली जाते, कारण त्या आल्या की कुरणातले टोळ आटोक्यात राहतात. आपल्याकडेही त्या नाकतोडे आणि अळ्या टिपतात. पळस-पांगारा बांधावर राखला, तर शाळू निघाल्यानंतरच्या दिवसांत या पक्ष्यांना अन्न मिळते. बांध कोरून शेत वाढवण्याच्या नादात नेमकी हीच झाडे जात आहेत.

नोंदींची परंपरा आपल्या भागाला अगदीच नवी नाही. जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात होते, आणि या संस्थानाच्या पक्ष्यांची पाहणी सलीम अली यांनी १९३१-३२ साली केली. पुढे १९६०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. कडे सापडले तर कोणाला कळवायचे, ते त्या कड्यावरच कोरलेले असे. २००७मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून ‘मायग्रंटवॉच’ सुरू झाले. हिवाळी पाहुणे पहिल्यांदा केव्हा दिसले आणि शेवटी केव्हा, या दोन्ही तारखा सामान्य लोकांकडून मागवण्याची ती योजना होती. आज हे काम ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर चालते. २०२३चा देशव्यापी पक्षी-अहवाल सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा राहिला आणि त्यात ९४२ जातींचा विचार झाला. लांब पल्ल्याचे स्थलांतरित पक्षी स्थानिक पक्ष्यांपेक्षा जास्त घटत आहेत, हे त्यातून समोर आले.

अशा अहवालात एक साधा नियम फार उपयोगी पडतो. पंधरा-वीस मिनिटे पाहिले, तर त्या वेळात ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, कावळा-साळुंकीसकट. यादी पूर्ण असली, तरच तिच्यात भोरडी नसल्याला अर्थ येतो. फक्त विशेष पक्षी तेवढे लिहिले, तर भोरडी नव्हती की लिहायची राहिली, हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही. शेवटच्या तारखेचा सगळा डोलारा अशा कोऱ्या जागांवर उभा असतो.

हे काम शाळेतली मुले उत्तम करतात, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. जालन्यातल्या आठही तालुक्यांत एकेका शाळेने आवारातून दिसणारा एक पळस ठरवला आणि होळीपासून एप्रिलअखेरपर्यंत रोज मधल्या सुट्टीत भोरड्या मोजल्या, तरी जिल्ह्याचा चांगला आलेख तयार होईल. तीच वही जुलैत पुन्हा उघडावी. तेव्हा परतणाऱ्या थव्यांत त्याच वर्षीची पिल्ले असतात. ती फिकट तपकिरी, गुलाबी रंगाचा मागमूस नसलेली आणि पिवळसर चोचीची असतात. लांबून त्यांना साळुंकी समजण्याची चूक सहज होते. पण साळुंकीच्या डोळ्यामागची पिवळी कातडी आणि उडताना पंखात दिसणारा पांढरा डाग त्यांना नसतो.