चुनकळीचा जमाखर्च

बोरगाव मेघे येथे माझ्याकडे येणारी मुले रसायनशास्त्रातील सूत्रे घडाघडा म्हणतात; परंतु वजनाचे उदाहरण घातले की लेखणी अडते, आणि तेवढ्यावरून विज्ञान आपल्यासाठी नव्हे असे ती ठरवून टाकितात. अशा वेळी मी त्यांस यवतमाळ जिल्ह्यातील, वणीजवळच्या राजूर येथील चुनाभट्ट्यांकडे नेतो, अर्थात् मनाने!

पंचवीस किलो शुद्ध चुनखडी भाजली, तर चुनकळी किती? कॅल्शियमचे ४०, कार्बनचे १२ आणि ऑक्सिजनचे तीन सोळे ४८, मिळून १०० भाग. भट्टीत त्यांपैकी ४४ भाग कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आमच्या वेळचा कर्बाम्लवायू, उडून जातो, ५६ उरतात. अर्थात् उत्तर १४ किलो. मात्र बाकीचे ११ किलो गेले कोठे, असे जो विद्यार्थी विचारील त्यालाच धडा समजू लागला म्हणावे. उत्तर काय, शेजाऱ्याच्या वहीतूनही जुळते!

पुढे या ५६ भागांस १८ भाग पाणी मिळाले की रटरटून ७४ भाग विरलेला चुना होतो. भिंतीस त्याचा हात दिला म्हणजे तो हवेतून ४४ भाग कर्बाम्लवायू हळूहळू परत घेतो, १८ भाग पाणी सोडितो, आणि भिंतीवर पुन्हा १०० भाग चुनखडी बसते.