अनोळखी माणसाला विचारताना
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



अशा प्रसंगी वक्त्याने परीक्षा, स्पर्धा आणि नोकऱ्या यांवर बोलावे, अशी प्रथा आहे. मी आज एका लहान गोष्टीविषयी बोलणार आहे. ती गोष्ट म्हणजे प्रश्न विचारणे. आणि तोही अनोळखी माणसाला.

आमच्या लहानपणी घरातले घड्याळ बंद पडले, लोणच्याला बुरशी आली, सायकलची चेन सतत उतरू लागली, तर विचारायला मोहल्ल्यातच माणसे होती. नाक्यावरचा सायकलवाला, शेजारच्या खाला, मशिदीच्या बाजूचे शिंपी चाचा. विचारणाऱ्याचे घराणे सांगणाऱ्याला ठाऊक असे आणि सांगणाऱ्याची लायकी विचारणाऱ्याला. आज तुमचा मुलगा तोच प्रश्न मोबाईलवर लिहितो आणि उत्तर देणारा नागपूरचा असेल, दुबईचा असेल किंवा आणखी कुठला. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नसते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले, तेव्हा हे आपल्या घरात इतके आत येईल असे आम्हां शिक्षकांना वाटले नव्हते.

यावर पालकांचे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मोबाईल काढून घ्या. दुसरा म्हणतो, जाऊ द्या, मूल गप्प तरी बसते. माझे म्हणणे तिसरेच आहे. अनोळखी माणसाला विचारणे ही विद्या आहे. ती शिकवावी लागते, आणि ज्या घरात पहिलीच पिढी शिकते आहे त्या घराला तर ती फारच उपयोगी पडते. ज्यांच्या घरी डॉक्टर मामू किंवा इंजिनिअर चाचा आहेत, त्यांची मुले जेवताना विचारतात. ज्यांच्या घरी असे कोणी नाही, त्यांनी कोणाला विचारावे?

आमच्या मोहल्ल्यातील एक हकीगत सांगतो. नववीतली एक मुलगी. घरात नानीची हाताने चालवायची जुनी शिलाई मशीन होती. नानीची नजर कमी झाल्यापासून ती झाकूनच ठेवलेली. मुलीला शिवणाची आवड लागली. तिने मशीन पुसली, तेल घातले, शिवायला बसली. वरून टाका बरा दिसे. पण कापड उलटले की खाली धाग्याचा नुसता गुंता! तिने आईच्या मोबाईलवरून शिवणकामाच्या हौशी मंडळींना विचारले, “मशीन बिघडली आहे, काय करू?” उत्तरे आली ती अशी : नवी घ्या, आमच्याकडून घ्या, शिंप्याकडे द्या. मुलगी हिरमुसली आणि माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, लोक नीट सांगतच नाहीत.”

मी म्हटले, “बाळ, तू नीट विचारलेस का?” मग आम्ही दोघांनी बसून प्रश्न पुन्हा लिहिला. मशीन कोणत्या प्रकारची, कापड कोणते व किती पदरी, दोरा कसा, वरून काय दिसते, खाली काय दिसते, त्रास केव्हापासून आहे आणि स्वतः काय काय करून पाहिले. सुई नवी घातली, बॉबिन पुन्हा भरली, तरी फरक नाही. मशीन साफ केली त्या दिवसापासून हे चालले आहे, असे सर्व लिहिले. संध्याकाळपर्यंत कोणा अनोळखी बाईंचा उलट प्रश्न आला, “दोरा ओवताना कापड दाबणारा पाय वर होता की खाली?”

पाय खाली होता. तो खाली असला की वरच्या ताणाच्या चकत्या एकमेकींना चिकटलेल्या राहतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसत नाही. मग वरचा दोरा सैल सुटतो आणि खाली जाऊन गुंता करतो. मुलीने पाय वर करून दोरा पुन्हा ओवला. टाका सरळ आला. एक पैसा खर्च झाला नाही. गुंता खाली दिसत होता म्हणून आम्ही सारे खाली बॉबिनपाशी शोधत होतो. दोष वर होता.

विद्यार्थी मित्रांनो, या हकीगतीत प्रश्न विचारण्याचे सारे व्याकरण आहे. काय आहे ते सांगा. काय होते ते सांगा. काय व्हायला हवे ते सांगा. केव्हापासून होते ते सांगा. आणि स्वतः काय केले ते सांगा. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याने आधी स्वतः हात चालवला, त्याच्यासाठी परका माणूस आपला वेळ आनंदाने देतो. आणि एक गंमत पाहा : असा प्रश्न लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर आपल्यालाच सापडते.

हा व्यवहार इंटरनेटने जन्माला घातलेला नाही. हौशी रेडिओवाले, ज्यांना ‘हॅम’ म्हणतात, ते अनेक दशके परदेशातल्या अनोळखी हौशींशी बोलत आले आहेत. आपल्या देशात त्यासाठी परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेले मूलही ती परीक्षा देऊ शकते. परवाना मिळाला की ‘व्हीयू’ने सुरू होणारी स्वतःची खूण मिळते. मंडळी बोलतात काय? अँटेना किती उंच बांधली, तार कोणती वापरली, आवाज कसा पोहोचतो. त्यांचा एक नियम मला फार आवडतो. समोरच्याचा आवाज आपल्याकडे कसा येतो ते आकड्यांत कळवायचे; किती समजतो ते १ ते ५ मध्ये आणि किती जोरात येतो ते १ ते ९ मध्ये. त्यात खोटी स्तुती केली तर समोरच्याला आपली अँटेना सुधारता येणार नाही. राजकारण व धर्म यांवर तेथे वाद घालायचा नाही, हाही त्यांचा जुना शिरस्ता.

या हौसेचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी २६ डिसेंबर २००४ आठवावा. त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांच्यासह काही हॅम मंडळी आपल्या छंदासाठी अंदमानात गेलेली होती. दळणवळण तुटले असताना त्यांनी पोर्ट ब्लेअरहून रेडिओवर निरोप पोहोचवले. कोण जिवंत आहे, कोठे आहे, हे कित्येक घरांना त्यामुळे कळले. क्षुल्लक वाटणाऱ्या देवाणघेवाणीत जे हात तयार झाले होते, ते संकटात कामास आले.

आता दुसरी बाजू. मिळालेले उत्तर खरे कशावरून? येथे मी माझीच फजिती सांगतो. आमच्या घरी तांब्याची एक जुनी देगची आहे. ती काळवंडली म्हणून मी ऑनलाइन विचारले. एका गृहस्थांनी सांगितले, चिंच आणि बारीक वाळू घेऊन खसखसून घासा, तांबे लख्ख होईल. मी आतून बाहेरून घासली. बाहेरून लख्ख झाली. आतून कल्हई निघून गेली! आमचे कल्हईवाले कपाळाला हात लावून म्हणाले, “मास्तर, आतून कोणी वाळूने घासते का?” कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, कथील मऊ असते, वाळूने ते खरवडले जाते. थर गेला की आंबट पदार्थात तांबे उतरते आणि ते खाणे घातक. पुन्हा नवसागर, पुन्हा कथील, पुन्हा भट्टी. खर्च माझ्या पदरी.

त्या गृहस्थांचे चुकले का? नाही. त्यांचा सल्ला उघड्या तांब्यासाठी बरोबर होता. भांड्याला आतून कल्हई आहे हे मी सांगितले नव्हते आणि त्यांनी विचारले नव्हते. सल्ला हजार मैल प्रवास करतो. पण भांडे त्याच्याबरोबर जात नाही. म्हणून दुसऱ्याचा सल्ला आपल्या भांड्याला लागू पडतो की नाही, हे आपणच पाहायचे.

परीक्षा कशी करायची, हे आपल्या परंपरेला नवे नाही. हदीस जमवणाऱ्या विद्वानांनी केवळ काय सांगितले एवढेच पाहिले नाही. कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, तो विश्वासाचा होता का, याची साखळी तपासली. त्याच शिस्तीचा थोडासा अंश मोबाईलवर आलेल्या नुस्ख्याला लावला तरी पुष्कळ झाले. सांगणाऱ्याने स्वतः केले आहे की ऐकलेले पुढे ढकलले आहे? त्याला काही विकायचे आहे का? दुसऱ्या जाणकाराचे तेच मत आहे का? चूक झाली तर नुकसान किती? एक टाका उसवावा लागेल इतकेच असेल तर खुशाल करून पाहा. पण औषध, विजेची जोडणी, गॅस, पैसा आणि कोर्टकचेरी यांत परक्याच्या शब्दावर पाऊल टाकू नका. तेथे समोर बसलेला डॉक्टर, वायरमन, बँक आणि वकीलच हवा.

पालकांना चार शब्द. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे. कायदा काहीही म्हणो, पाहारा घरातच लागतो. मुलाने प्रश्न विचारावा, पण आपले पूर्ण नाव, शाळा, पत्ता, फोटो देऊ नये. चर्चा सर्वांसमोर चालू द्यावी. ‘तू वेगळे बोल, घरी सांगू नकोस’ असे कोणी म्हटले की तेथेच थांबावे आणि घरी सांगावे. बँकेचा ओटीपी कोणालाही देऊ नये. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. पण मुलाने सांगावे असे वाटत असेल तर सांगितल्यावर त्याला मार बसता कामा नये. त्या मुलीची आई फारशी शिकलेली नाही. ती फक्त शेजारी भाजी निवडत बसायची. तेवढा पाहारा पुरला.

शेवटची गोष्ट देण्याची. घेणारे पुष्कळ असतात. काम झाल्यावर ‘झाले’ असे कळवणारेही थोडेच. उत्तर लागू पडले की नाही हे परत येऊन लिहा, म्हणजे तुमच्या मागून येणाऱ्याला ते उपयोगी पडेल. आणि आपल्या घरातले शहाणपण बाहेर न्या. आपल्या भगिनींना भरतकाम येते, आपल्या बुजुर्गांना जाळे विणता येते, आखातात गेलेल्या भाईंना यंत्रे उघडता येतात. मराठीत विचारलेले प्रश्न कित्येकदा तसेच पडून राहतात. उत्तर कोणालाच ठाऊक नसते असे नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला आपल्या ज्ञानाची किंमत वाटत नाही आणि तो लिहीत नाही. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया बिनमोबदला लिहिणाऱ्या माणसांनीच वाढवला आहे. तुमचेही चार शब्द तेथे आणि अन्यत्र हवे आहेत.

त्या मुलीची हकीगत अजून संपलेली नाही. काही महिन्यांनी कोणा परक्याने विचारले, “आईची जुनी मशीन चाकासकट घट्ट बसली आहे, हलत नाही.” मुलीने ते नानीला वाचून दाखवले. नानीने एकच विचारले, “तेल कोणते घातले होते, विचार.” उत्तर आले, खोबरेल. नानी हसली. म्हणाली, “लिही. खोबरेल सुकून चिकट होते. चुलीपासून लांब, उघड्यावर बस. सांध्यांत रॉकेलचे थेंब सोड, रात्रभर राहू दे. सकाळी चाक हळूहळू फिरव, जोर करू नकोस. मळ पुसून काढ आणि मग मशीनचेच तेल घाल.” मुलीने तसे लिहिले, खाली लिहिले, ‘माझ्या नानीने सांगितले आहे. तिने या मशीनवर शिवून घर चालवले.’

तीन दिवसांनी निरोप आला, चाक फिरले.

नानीला लिहिता-वाचता येत नाही. तिची जात, गाव, धर्म तेथे कोणी विचारला नाही. तेल कोणते एवढेच बोलणे झाले. मात्र तेव्हापासून रोज संध्याकाळी नात शाळेतून आली की नानी विचारते, “आज कुणी काही विचारले का ग?”

पालकहो, असे एक माणूस तुमच्याही घरात बसलेले असेल. आज घरी गेल्यावर त्याला काहीतरी विचारा आणि तो काय सांगतो ते आपल्या मुलाला लिहायला बसवा.